सरकी काढता काढता

शिकागो विद्यापीठात तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ साली एक छोटी प्रायोगिक शाळा काढली. तिथल्या मुलांच्या एका गटाला एकदा सरकीसकट कच्चा कापूस दिला आणि हातांनी सरकी वेगळी करायला सांगितलं. अर्धा तास मुलं खपली, तेव्हा जेमतेम औंसभर, म्हणजे २८ ग्रॅमसुद्धा रुई निघाली नाही. मग एक माणूस दिवसभर बसला तरी फार तर एक पौंड रुई काढेल, हे मुलांना सहज पटलं. आपले पूर्वज सुती कपडे सोडून लोकरीचेच का घालत, याचं उत्तर त्यांना बोटं दुखल्यावर मिळालं. ड्यूईंनी हे १८९९ साली आलेल्या ‘द स्कूल अँड सोसायटी’ या पुस्तकात सांगितलं आहे.

त्या अर्ध्या तासात अंकगणित होतं, वनस्पतिशास्त्र होतं, इतिहास आणि अर्थशास्त्रही होतं. बाहेरून आणून कुणी चिकटवलेलं नव्हतं, कापसातच होतं. मुलांना शाळेत न पाठवता घरी शिकवणारी बरीच कुटुंबं ‘एक विषय धरून’ शिकवतात. काही आठवडे एकच सूत्र घ्यायचं आणि भाषा, विज्ञान, भूगोल, इतिहास त्याच्याभोवती येऊ द्यायचं. अमेरिकेतले पालक याला युनिट स्टडी म्हणतात, आपल्याकडचे ‘थीम’ म्हणतात. ही पद्धत कुठे जमते आणि कुठे फसते हे पाहायचं असेल, तर आधी एवढंच तपासावं, की विषयांचे सांधे त्या वस्तूत मुळातच आहेत का, की पालकांनी तक्त्यात रेघा ओढून ते तयार केलेत.

ड्यूईंचा विचार पुढे नेणारे विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली ‘प्रकल्प पद्धती’वरचा निबंध लिहिला आणि प्रकल्प हा शब्द शिक्षणात रुळला. पण मराठी वाचकाला यासाठी शिकागोला जायची गरज नाही. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला, आणि ‘नई तालीम’ उभी राहिली. हस्तोद्योग मध्यभागी, बाकीचे विषय त्याच्याशी समवायाने जोडलेले. तिथला मुख्य उद्योग कताईचा होता. टकळीवर सूत काढताना किती तार झाले ते मोजायचं, त्याचं वजन करायचं, लांबी आणि वजन यांवरून सुताचा नंबर काढायचा. हे गणित खरंच टकळीतून निघतं. पण सगळे विषय त्याच टकळीला बांधायचे म्हटलं, की ओढाताण होते. बळेच जोडलेला समवाय हा नई तालीमवरचा नेहमीचा आक्षेप होता, आणि तो खोटा नव्हता.

आजच्या घरगुती अभ्यासात हीच ओढाताण वेगळ्या रूपात दिसते. कापूस ही थीम घेतली, म्हणून कापसाचा ससा चिकटवा, ‘क कापसाचा’ गिरवा, वीस बोंडं अधिक पंधरा बोंडं किती ते सांगा. यातून कापसाबद्दल मुलाला काहीही कळत नाही, आणि बेरजेबद्दलही नवीन काही कळत नाही. ही निव्वळ सजावट आहे. इंटरनेटवर मिळणारे तयार थीम-संच बहुतेक याच सजावटीने भरलेले असतात, म्हणून ते छापून घेण्याआधी एकदा कातरी हातात घ्यावी.

घरी शिकवणाऱ्यांमध्ये ही पद्धत लोकप्रिय झाली ती मात्र तत्त्वज्ञानापेक्षा सोयीमुळे. अमेरिकेत होमस्कूलिंगला वाट करून देणारे जॉन होल्ट यांनी १९७७ साली ‘ग्रोइंग विदाऊट स्कूलिंग’ हे नियतकालिक सुरू केलं. त्यांचा कल आखीव अभ्यासक्रमापेक्षा मुलाच्या मर्जीकडे होता. पण घरात पाच, आठ आणि बारा वर्षांची तीन मुलं असतील, तर एकटी आई तीन इयत्तांचे पाच-पाच विषय रोज कशी शिकवणार? एकाच विषयाभोवती तिघांना बसवलं तर निभाव लागतो. हे कारण साधं आहे आणि मला ते पुरेसं वाटतं.

विषय निवडताना मी तीन गोष्टी पाहीन. हाताला काम मिळतं का. त्यावर पोट असलेला माणूस भेटू शकतो का. आणि ऋतू जुळतो का. ‘अवकाश’ किंवा ‘भारत’ एवढे मोठे की कुठून धरावेत कळत नाही. डायनोसॉर मुलांना वेड लावतात, पण घरात त्यांचं काही करता येत नाही. तो वाचनाचा विषय, खुशाल वाचू द्यावा. फुलपाखराला एक आठवडा पुरतो. कापूस मात्र या तिन्ही कसोट्यांना उतरतो, आणि महाराष्ट्राच्या घराला तर तो परका नाही. पेरणी जूनच्या पावसावर, वेचणी दिवाळीच्या आसपास सुरू होऊन संक्रांतीपर्यंत चालते. म्हणजे सहा आठवड्यांचा बेत नोव्हेंबर-डिसेंबरात बसवावा. जुलैत हा विषय काढलात तर शेतात हातभर पऱ्हाटी दिसेल, बोंड दिसणार नाही.

सामानाची पहिली अडचण इथेच येते. दुकानातला वातींचा कापूस सरकी काढलेला, पिंजलेला असतो. तो कामाचा नाही. विदर्भ, खानदेश किंवा मराठवाड्यातल्या कुणा नातेवाइकाला सांगून सरकीसकट किलोभर कापूस आणि चार-पाच न फुटलेली बोंडं आधीच मागवून ठेवावीत. टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी घरांनाही हे जमण्यासारखं आहे. अमेरिकेत सर्वांत जास्त कापूस तिथेच पिकतो.

नियोजनाचा कागद एका प्रश्नाने सुरू करावा. उदाहरणार्थ: शेतातला कापूस अंगावर येईपर्यंत त्याचं काय काय होतं, आणि ते कोण करतं? सहा आठवडे भटकताना हा प्रश्न खुंटीसारखा उपयोगी पडतो. यात जे बसत नाही ते कितीही गोड असलं तरी बाजूला ठेवायचं. मग मुलांना घेऊन तीन रकाने आखावेत: काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचं आहे, काय कळलं. हे तंत्र अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डोना ओगल यांनी १९८६ साली मांडलं आणि जगभरच्या वर्गांत ते चालतं. मधल्या रकान्यात मुलं जे लिहितात त्याला हसू नये. ‘कापूस पांढराच का?’ हा प्रश्न बावळट वाटतो. पण तपकिरी आणि हिरवट धाग्याच्या कापसाच्या जाती खरोखर आहेत, आणि पांढराच का टिकला याचं उत्तर रंगाऱ्यापाशी आणि गिरणीमालकापाशी जाऊन पोचतं.

पहिला आठवडा मी बोंडाला आणि सरकीला देईन, आणि घाई करणार नाही. बोंड चिरून आतले कप्पे मोजायचे. शंभर ग्रॅम कापसातली सरकी हाताने काढायची, किती वेळ लागला ते लिहायचं, रुई आणि सरकी वेगवेगळी तोलायची. रुई साधारण ३३ ते ३५ ग्रॅम भरते. शेकडेवारी शिकवायची म्हणून काढलेलं हे उदाहरण नव्हे. जिनिंगवाला कापसाची प्रत ठरवताना हाच आकडा पाहतो. कापसाची गाठ १७० किलोची असते, तर एका गाठीला किती क्विंटल कापूस लागला? दहा-बारा वर्षांचं मूल हे पाटीवर मांडू शकतं, आणि उत्तर पाच क्विंटलांच्या आसपास आलं की ते एखाद्या शेतकऱ्याला किंवा जिनिंगवाल्याला विचारून पडताळू शकतं.

मग युक्ती शोधू द्यावी. सपाट दगडावर थोडा कापूस पसरून त्यावरून लोखंडी गज दाबून फिरवला की रुई गजाखाली ओढली जाते आणि सरकी बाहेर निसटते. एकाच रुळाचं हे साधन फार जुनं आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतल्या एका दृश्यात ते असल्याचं तंत्रज्ञानाच्या इतिहासकारांचं मत आहे. इथून १७९३ साल एका पावलावर आहे. एली व्हिटनीने दातांचं जिन बनवलं, सरकी काढायचं काम झटपट होऊ लागलं, आणि त्यामुळे अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांचे कष्ट कमी होण्याऐवजी कापसाचे मळे आणि गुलामगिरी दोन्ही फोफावली. यंत्र आल्यावर कष्ट कमी का झाले नाहीत, हा प्रश्न अर्धा तास सरकी काढलेल्या मुलाला विचारावा. पुस्तकातून वाचलेल्या मुलापेक्षा ते वेगळं उत्तर देतं.

दुसऱ्या आठवड्यात घरातली आजी शिक्षिका. फुलवात किंवा वस्त्रमाळ करताना ती बोटांनी जे करते तेच कताईचं मूळ आहे: तंतू ओढायचे आणि पीळ द्यायचा. पिळाशिवाय कापूस ओढला तर तुटतो, पीळ दिला की धरतो. का? साधं सूक्ष्मदर्शक असेल, किंवा मनू प्रकाश यांनी बनवलेलं कागदी फोल्डस्कोप असेल, तर कापसाचा तंतू त्याखाली धरावा. सरकीच्या सालीवरची एकेक पेशी लांब वाढून हा तंतू बनतो. वाळला की चपटा होतो आणि स्वतःच वेटोळतो. ही वळणं एकमेकांत अडकतात. शेजारी सावरीच्या शेंगेतला कापूस ठेवला तर तो गुळगुळीत, सरळ दिसेल. म्हणूनच सावरीचा कापूस उशीत भरतात, त्याचं सूत काढत नाहीत. (सावरीच्या शेंगा मात्र उन्हाळ्यात फुटतात, आधीच्या मार्च-एप्रिलमध्ये डबीत भरून ठेवाव्या लागतील. नियोजन म्हणतात ते हेच.)

टकळी घरी करता येते. बांबूची काडी, तळाशी लाकडाची किंवा भाजलेल्या मातीची चकती, वर खाच. पहिले दोन दिवस सूत तुटतच राहतं. तिसऱ्या दिवशी जाडंभरडं का होईना पण सूत येतं, आणि मग बाजारातल्या धाग्याशी तुलना सुरू होते. सुताचा इंग्रजी नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. ४० नंबरच्या सुताचा हिशेब केला तर पौंडभर, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम कापसातून तीस किलोमीटरहून लांब धागा निघतो. पुण्याच्या घराने नकाशावर आपल्या घरापासून तीस किलोमीटरचं वर्तुळ काढून पाहावं.

वर्ध्याजवळ राहणाऱ्यांनी, किंवा तिकडे जाणं होणाऱ्यांनी, या आठवड्यात मगन संग्रहालय पाहावं. गांधीजींच्या हस्ते १९३८ साली त्याचं उद्घाटन झालं. खादी आणि ग्रामोद्योगाची साधनं तिथे आहेत. सहलीचा एक नियम मी कटाक्षाने पाळीन: सहल विषयाच्या मध्यावर न्यावी. सुरुवातीला नेलं तर मुलं नुसती पाहतात, शेवटी नेलं तर त्यांना सगळं माहीत असतं. टकळीवर स्वतः झगडलेल्या मुलाला पेटीचरखा पाहून नेमकं काय विचारायचं ते कळतं.

कापडाचा आठवडा लवकर उरकावा. पुठ्ठ्याच्या चौकटीवर ताणा-बाणा भरणं, आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली धागा जाळून पाहणं, एवढं पुरे. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, लोकर आणि रेशमाला केस जळाल्याचा वास येतो, कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. मग घरातल्या प्रत्येक ‘शुद्ध सुती’ कुर्त्यावर मुलांचा संशय बळावतो, त्याला इलाज नाही. इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीत कुणी ओळखीचं असेल तर यंत्रमागाचा आवाज कानाने ऐकवावा. तो वर्णनाने सांगता येत नाही.

इतिहासाला मात्र दोन आठवडे द्यावेत, कारण महाराष्ट्राचा अर्धा नकाशा कापसाने काढला आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतल्या कापसाची निर्यात अडली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबईच्या बंदराची आठवण झाली. भाव कडाडले, वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर कापूस पसरला. मुंबईत पैसा एवढा आला की समुद्र बुजवून जमीन काढण्याच्या कंपन्यांचे शेअर आभाळाला भिडले. १८६५ साली युद्ध संपलं आणि सगळा डोलारा कोसळला. दूरच्या देशातली लढाई खामगावच्या बाजारात कशी पोचते, हे मुलाने एकदा दोरा घेऊन नकाशावर ताणून पाहिलं की भूगोल आणि इतिहास ही दोन पुस्तकं का आहेत असा प्रश्न त्याला पडू शकतो. रेल्वेचंही तसंच. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. मुख्य मार्गावरून अमरावती आणि खामगाव या कापसाच्या बाजारांना फाटे का फुटले, आणि यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही शकुंतला नावाची चिमुकली गाडी नेमकी तिथेच का धावत होती, हे नकाशावर ठिपके टाकून मुलं स्वतः शोधतात.

मुंबईचं टोक उरतं ते गिरण्यांचं. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली सूतगिरणी उभारायला घेतली. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते, आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीचं राहिलं नाही. मुंबई-ठाण्यात अशी कितीतरी घरं आहेत जिथे आजोबा गिरणीत साचेवाले होते. त्यांना दहा प्रश्न विचारून उत्तरं लिहून घेणं हा या विषयातला मराठी भाषेचा सर्वांत चांगला धडा. मुलाखतीचा उतारा, त्याची साफसफाई, परिच्छेद पाडणं: निबंधाची वेगळी वही लागत नाही.

शेवटच्या आठवड्यात शेतकरी. २००२ साली बीटी कापसाला भारतात परवानगी मिळाली. बोंडअळीला मारणारं प्रथिन झाडातच तयार होऊ लागलं. पुढे गुलाबी बोंडअळी त्याला सरावली आणि २०१७च्या हंगामात विदर्भात तिने पीक खाल्लं. उत्क्रांती शिकवायला यापेक्षा जवळचं उदाहरण नाही: फवारा किंवा विष अळीला शिकवत नाही, वाचलेल्या अळ्यांची पिल्लं वाढतात. कर्ज आणि आत्महत्या हा भाग इथे येणारच. सहा वर्षांच्या मुलापुढे तो काढू नये, बारा वर्षांच्या मुलापासून लपवू नये. क्विंटलचा भाव आणि क्विंटलचा खर्च शेजारी-शेजारी लिहायला लावले की बोलणं आपोआप नेमकं होतं, आणि रडवं होत नाही.

आता रोजचं वेळापत्रक. या सगळ्यात अपूर्णांकांची बेरीज, भागाकाराचा सराव, जोडाक्षरांचं वाचन आलं का? नाही, आणि ते येत नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नये. सकाळची पाऊण-एक तासाची वेळ गणित आणि वाचनाच्या सरावाला स्वतंत्र ठेवावी, त्यात कापूस आणू नये. नंतरचे दोन तास विषयाचे. आठवड्यात चारच दिवस आखावेत, पाचवा मोकळा ठेवावा. सूत तुटतं, मामा कापूस पाठवायला विसरतो, कुणाला ताप येतो. पहिल्यांदाच करणारे पालक पाच दिवसांचा आणि दिवसात सहा उपक्रमांचा बेत करतात आणि दुसऱ्याच आठवड्यात दमतात.

वेगवेगळ्या वयांची मुलं एकाच कामाभोवती बसतात, पण काम वेगळं असतं. धाकटा सरकी मोजतो आणि दहा-दहाचे ढीग करतो, मधली वजनं लिहून आलेख काढते, थोरला मराठी विश्वकोशातली कापसाची नोंद वाचून दोघांना सांगतो. विश्वकोश आणि ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत. ‘किशोर’ १९७१ सालापासून निघतं, त्यात केवढा ऐवज पडला आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही तशीच मिळतात. त्यांची अनुक्रमणिका पाहून विषय आखायला बसू नये. विषय संपल्यावर अनुक्रमणिका समोर घ्यावी आणि काय काय झालं त्यावर खुणा कराव्यात. राहिलेलं पुढच्या विषयाच्या बेतात येतं किंवा सकाळच्या तासात जातं.

नोंदी ठेवणं हे कंटाळवाणं पण गरजेचं काम. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १० मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य ठरवतं, पण न केल्यास शिक्षा सांगत नाही. त्यामुळे घरी शिकवणारी कुटुंबं आपापल्या जबाबदारीवर चालतात. मूल मधेच शाळेत जायचं म्हणालं तर कलम ४ प्रमाणे त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश आहे. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. या तिन्ही वाटांवर तारखा घातलेली वही, वजनांचे तक्ते, मुलाखतीचा उतारा आणि काही फोटो हाताशी असले तर बोलणं सोपं जातं. प्रत्येक विषयाला एक खोकं आणि एक फाइल, याहून जास्त व्यवस्था लागत नाही. भिंतीवरचा तक्ता लागतो तो मुलांसाठी.

विषय बंद कधी करायचा हेही आधी ठरवावं. सहाव्या आठवड्याच्या शनिवारी शेजारपाजारच्या चार घरांना बोलवावं, मुलांनी टकळी चालवून दाखवावी, गज फिरवून सरकी काढून दाखवावी, पाहुण्यांना करायला लावावी. परीक्षा हीच; पाहुण्यांच्या प्रश्नांना मूल काय उत्तर देतं ते ऐकून कच्चं कुठे राहिलं ते कळतं. मधल्या रकान्यातले काही प्रश्न तेव्हाही सुटलेले नसतील. त्यातला एखादा पुढचा विषय होऊ शकतो. उरलेल्या सरकीचं काय करतात असं कुणी विचारलं असेल, तर तेल काढून राहिलेली पेंड म्हशी खातात, आणि जानेवारीत गोठ्यावर जायला हवा चांगली असते.